पत्रिकेची कोरी पाठ

"गिरिजाबाई मूळच्या आमच्या सरांच्याच विद्यार्थिनी. नजर सरांनी दिली, बाईंनी तिला संगणकाची जोड दिली."

बाई, ही दोन वाक्ये गेल्या रविवारी तुमच्या शोकसभेत उच्चारली गेली. उच्चारणारे भगवानराव, म्हणजे ज्या शाळेत मी एकतीस वर्षे चित्रकला शिकवली तिचे निवृत्त मुख्याध्यापक आणि येडशीतील प्रत्येक सभेचे आपोआप होणारे अध्यक्ष. वाक्ये संपताच सभागृहातील सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. हे असत्य आहे, असे उठून सांगणे माझे कर्तव्य होते. मी उठलोही. परंतु लोकांना वाटले की मला गहिवरून आले आहे, आणि कोणीतरी माझ्या हातात पाण्याचा पेला दिला. पाणी पिऊन होईपर्यंत ठराव संमत झाला होता. स्टेशन रस्त्याला बियाणांच्या दुकानावर ज्या खोलीत तुम्ही लोकांना त्यांची पहिली वेबसाइट करायला शिकवत होता, तिच्या दारावर फलक लागणार. तुमच्या नावाखाली हीच दोन वाक्ये येणार. आणि ती अक्षरे मी रंगवायची.

फलकाची पाटी पांढरा रंग देऊन माझ्या पडवीत भिंतीशी टेकवून ठेवली आहे. सोमवारी ती लागायची आहे. तुमचे नाव मी रंगवीन, आणि या हाताने आजवर रंगवले नसेल इतके चांगले रंगवीन. ती वाक्ये मात्र रंगवणार नाही.

दुसऱ्याच दिवशी मी भगवानरावांच्या घरी गेलो. ते ओसरीवर शेंगा सोलत बसले होते.

"गिरिजाबाई माझ्या विद्यार्थिनी नव्हत्या," मी म्हणालो.

"सर, विनय पुरे झाला."

माझ्यावर आयुष्यात पुष्कळ आरोप झाले. विनयाचा हा पहिलाच. मी म्हणालो, "मी विनयाने बोलत नाही. माहितीने बोलतो."

"मग ढोकीची ती रुक्मिणी भर सभेत खोटं बोलली व्हय?"

येथे माझी पंचाईत झाली, कारण रुक्मिणी खोटे बोलत नाही. ती गोधड्या शिवते, तुमच्या शेवटच्या तुकडीत होती, आणि आपल्या गोधड्यांचे पान तिने इतके नेटके केले की तुम्ही ते मला दोनदा दाखवलेत. दुसऱ्यांदा केवळ मला डिवचण्यासाठी. सभेत ती उभी राहून म्हणाली, "म्या मॅडमला इचारलं, पानावर एवढी मोकळी जागा कशापायी सोडायची? लोकं म्हनतील, हिच्याकडं दाखवायला काय न्हाय. तर मॅडम म्हनल्या, मोकळी जागा सोडायचं मी सरांकडनं शिकले."

बाई, हे तुम्ही म्हणालात? कोणत्या सरांविषयी म्हणालात? त्या मोकळ्या जागेविरुद्ध मी तुमच्याशी दोन वर्षे भांडलो. तुमच्या जिन्याच्या सोळा पायऱ्या चढून मी आठवड्यातून दोनदा येत असे, ते मुख्यतः भांडायलाच. "रिकामी जागा म्हणजे न केलेले काम," हे माझे वाक्य तुमच्या त्या खोलीत एवढ्या वेळा उच्चारले गेले की खालचा दुकानदारही मला ते ऐकवू लागला. मग मी ज्याला विरोध केला तेच तुम्ही माझ्या नावावर कसे लिहून दिलेत? मला यात चेष्टा दिसते, मग चेष्टेमागे काहीतरी दिसते, आणि मग काहीच दिसेनासे होते.

जे घडले ते मी क्रमाने लिहितो. तुम्हाला ते ठाऊक आहे, पण हा लेख इतरही वाचतील, आणि इतरांच्या स्मरणशक्तीवर माझा भरवसा उरलेला नाही.

मी प्रथम आलो तेव्हा माझ्यासोबत चित्रांच्या तीन फायली होत्या आणि एक ठाम कल्पना होती. तुम्ही फायली उघडल्याच नाहीत. म्हणालात, "सर, आधी कागद. संगणक मागनं." आणि टेबलाच्या खणातून एक जुनी लग्नपत्रिका काढून माझ्यापुढे पालथी ठेवलीत. तुमची ही रीत तेव्हा मला माहीत नव्हती. येणाऱ्या प्रत्येकाला तुम्ही एक पत्रिका देत असा आणि सांगत असा, "पुढची बाजू बघायची नाही. या कोऱ्या पाठीवर मावेल तेवढंच आपल्या पहिल्या पानावर."

मी अर्थातच पुढची बाजू पाहिली. शंख, केळीचे खांब, आंब्याच्या पानांची किनार. ती माझीच होती. निवृत्तीपूर्वी या तालुक्यातील निम्म्या पत्रिकांच्या किनारी माझ्या हाताने निघाल्या आहेत. खणातल्या गठ्ठ्यातून तीच पत्रिका माझ्या वाट्याला कशी आली, हे मी तुम्हाला कधी विचारले नाही. आता विचारतो आहे.

त्या पाठीवर मी पाऊण तास लिहीत होतो. वर मध्यभागी गणपती. त्याच्या एका बाजूला कुलदैवत, दुसऱ्या बाजूला रामलिंग. खाली माझे गुरुजन, ज्येष्ठतेनुसार. मग मुख्याध्यापक, सेवेच्या क्रमाने. मग सहकारी. जागा संपल्यावर उरलेली नावे मी कडांनी उभी लिहिली, कारण आपल्याकडे पत्रिकेतून एक नाव सुटले तर तो गृहस्थ लग्नाला येत नाही आणि त्याचा मुलगाही ते लक्षात ठेवतो. वेबसाइट पाहायला कोणी यावे असे वाटत असेल तर त्याचे नाव तीत हवे, हे मला उघड दिसत होते.

तुम्ही कागद फिरवून फिरवून वाचलात. मग अगदी शांतपणे विचारलेत, "सर, लग्न कुणाचं आहे?"

"कोणाचेही नाही. ही माझी वेबसाइट आहे."

"मग यात तुम्ही कुठं आहात?"

मी पाहिले. माझे नाव नव्हते. पत्रिका पाठवणाऱ्याचे नाव तळाशी येते, आणि तळाशी जागा उरली नव्हती.

तेथे मी हसलो असतो तर गोष्ट निराळी झाली असती. मी संतापलो. म्हणालो, "दोष काढायचे तर तोंडी काढू नका. रीतसर तपासा. गुण द्या." एकतीस वर्षे दुसऱ्यांचे कागद तपासलेल्या माणसाने अशी मागणी करावी ती समोरच्याने माघार घ्यावी म्हणून. तुम्ही माघार घेतली नाहीत. लाल पेन उचललेत. काय लिहिलेत ते मी वाचले, पत्रिका खिशात घातली, आणि महिनाभर तो जिना चढलो नाही. पुढे तुम्ही दोनदा विचारलेत, "सर, ती पत्रिका कुठं गेली हो?" दोन्ही वेळा मी सांगितले, हरवली.

महिन्यानंतर मी परत आलो तो तुमचे म्हणणे पटल्यामुळे नव्हे, ही नोंद येथे करतो. मी आलो कारण संगणकावरची देवनागरी अक्षरे मला खुपत होती. शिरोरेघ जागोजागी तुटलेली, वेलांट्या अक्षराच्या डोक्यावरून घसरलेल्या. मी तुम्हाला ते दाखवले, तुम्ही ऐकून घेतलेत आणि दुसरे अक्षरवळण शोधून काढलेत. भगवानराव हेही आता पुरावा म्हणून वापरतात: "बघा, बाई सरांना अक्षराबद्दल विचारायच्या." विचारणाऱ्याला शिष्य म्हणायचे ठरवले, तर बसस्थानकावर गाडीची वेळ विचारणारा प्रत्येक जण चौकशीच्या खिडकीचा शिष्य ठरेल.

शिकवताना तुम्हाला मी पुष्कळ पाहिले, कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून. तेरखेड्याचे महादेवअण्णा आठवतात. फटाक्यांच्या कामात त्यांची हयात गेली. वडिलांकडून शिकलेल्या शोभेच्या दारूच्या आठवणी त्यांना आपल्या पानावर मांडायच्या होत्या. त्यांना पान उघडताच चारी बाजूंनी बाण सुटायला हवे होते, आवाजासकट.

तुम्ही म्हणालात, "अण्णा, वात पेटवल्यावर लोक काय करतात?"

"काय करत्यात? गप बसत्यात. कानावर हात."

"ते गप बसणं आधी दाखवू या का? आवाज मागनं येऊ दे."

अण्णांनी खुर्ची पडद्याजवळ ओढली. मग म्हणाले, "मॅडम, तुमी आमच्या धंद्यात असता तर लई मोठ्या झाल्या असता." त्यांच्या पहिल्या पानावर आज काळी पार्श्वभूमी आहे, एक न पेटलेली वात आहे आणि खाली वडिलांचे नाव आहे. मी तेव्हा म्हणालो होतो की हे पान अपुरे दिसते. माझे मत अजून बदललेले नाही. मात्र ते पान मी तेव्हापासून अनेकदा उघडले आहे, आणि प्रत्येक वेळी खालपर्यंत जाण्याआधी थोडा थांबलो आहे. असे का होते ते मला सांगता येत नाही.

माझ्या छायाचित्राचे भांडण तर तुम्हाला विसरता येणार नाही. मला फेटा, शाल आणि हार असलेले, सत्काराचे छायाचित्र हवे होते. मी पात्याने पेन्सिलीला टोक करत असताना तुम्ही नकळत माझ्या हातांचे छायाचित्र घेतलेत आणि तेच पहिल्या पानावर लावून दाखवलेत.

"यात चेहरा नाही," मी म्हणालो.

"फेट्यात तरी कुठं दिसतोय, सर?"

मी ते काढायला लावले. आज ते कोठे आहे मला माहीत नाही.

भगवानरावांकडे काही निष्पन्न झाले नाही, म्हणून गुरुवारी तुमच्या यजमानांकडे गेलो, कारण वाद मिटवायचा तर मुळाशी जावे लागते. बसवराज बाजारपेठेतील आपल्या दुकानात होते. मला पाहून त्यांनी गल्ल्यामागची खुर्ची मोकळी केली. मी सांत्वनाचे दोन शब्द बोललो आणि लगेच मुद्द्यावर आलो. हे अशोभनीय होते. तुम्ही असता तर टोकले असते.

मी म्हणालो, "गिरिजाबाई कर्नाटकातल्या. शिक्षण कन्नडमध्ये. लग्न होऊन येथे आल्या. मग त्या माझ्या विद्यार्थिनी कशा? आपण तरी हे सांगा लोकांना."

त्यांनी वजनाच्या काट्यावरची धूळ पुसली. मग म्हणाले, "सर, ती सहावीला इथं होती की. एकच वर्ष. तिच्या आत्याकडं ठेवली होती."

"कोणत्या शाळेत?"

"तुमच्याच."

मी खुर्चीत बसलो. तेच पुढे बोलले. "मराठी नीट वाचायला येत न्हवतं तिला तवा. म्हणायची, बाकीच्या तासाला काय चाललंय काही कळायचं न्हाई. चित्रकलेच्या तासाला तेवढं कळायचं. तुम्ही फळ्यावर मोर काढायचे आणि डावा कोपरा मोकळा सोडायचे. तिला वाटायचं, मोराला उडून जायला जागा सोडलीय."

"मग दोन वर्षांत त्यांनी मला हे सांगितले का नाही?"

"तुम्ही वळखता का, बघत होती."

"सांगितले असते तर ओळखले असते."

"तेच म्हणलो मी तिला. तर म्हणाली, सांगितल्यावर वळखलं तर त्याचा काय उपयोग?"

बाई, त्या गुरुवारपासून मी सहावीचा वर्ग डोळ्यांसमोर आणतो आहे. खिडकी आणतो, बाक आणतो, मोर आणतो. मुलींच्या रांगेत शेवटी कोणीतरी बसलेले दिसते, आणि मग लक्षात येते की तेथे मी तुमचा अलीकडचा चेहरा ठेवला आहे, चष्म्यासकट. तो काढला की बाक रिकामा होतो. तुम्ही तेथे होता असे बसवराज सांगतात, आणि त्यांना खोटे बोलण्याचे कारण नाही. तुम्ही मला आठवत नाही, हेही तितकेच खरे आहे. या दोन गोष्टी एकाच वेळी कशा बाळगाव्यात, ते मला उमगत नाही.

एकदा, वर्षभरापूर्वी, तुम्ही म्हणाला होता, "सर, तुम्ही फळ्याचा डावा कोपरा मोकळा ठेवायचे, नाही?" मी विचारले, हे तुम्हाला कोणी सांगितले? तुम्ही माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलेत आणि म्हणालात, "कुणीतरी बोललं." मला वाटले, गावात माझ्या शिकवण्याविषयी कुजबुज होते आहे. मी त्या दिवशी चहा न घेता निघून गेलो. ती तुम्ही उघडलेली खिडकी होती का? आणि मी ती वारा येतो म्हणून लावून घेतली का?

आता त्या कोपऱ्याविषयी खरे ते सांगतो, कारण तुमच्या पश्चात खोट्या मोठेपणावर जगणे मला मान्य नाही. तो कोपरा मी मोरासाठी सोडलेला नव्हता. माझा तास मधल्या सुट्टीनंतरचा असे. सुट्टीनंतर किती मुले वर्गात परतली तो आकडा वर्गशिक्षक येऊन फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात लिहीत. तेथे खडू लावायची आम्हाला मनाई होती. वर्गशिक्षक बहुधा चहाला गेलेले असत आणि येतच नसत. म्हणून कोपरा कोरा राही. एवढेच. त्यात माझी नजर नव्हती, रसिकता नव्हती; शाळेचा एक नियम होता आणि एका शिक्षकाचा आळस होता. किंबहुना मला त्या कोपऱ्याचा रागच येई, कारण मोराचा पिसारा मला आखडता घ्यावा लागे. सहावीतल्या एका मुलीने, जिला फळ्यावरचे शब्द वाचता येत नव्हते, त्या कोऱ्या जागेत उडणे पाहिले. ते तिने पाहिले. मी दाखवले नाही.

म्हणून "नजर सरांनी दिली" हे वाक्य असत्य आहे. मी हे भगवानरावांना शनिवारी पुन्हा जाऊन सांगितले, सगळ्या तपशिलांसह. ते विजयी मुद्रेने म्हणाले, "म्हणजे वर्गात होती ना? मग झालं की! कोपरा तुमचाच, फळा तुमचाच. आता आणखी काय पाहिजे?"

"ज्याला शिष्य आठवत नाही तो गुरू कसला?"

"सर, आठवत तर मलाबी न्हाईत सगळे."

या माणसाशी युक्तिवादाने बोलता येत नाही, हे मला नोकरीत असतानाच कळायला हवे होते.

आपली शेवटची भेट आठवते का? मी नावांचा आग्रह सोडला नव्हता. तुम्ही थकलेल्या दिसत होता, अंगात बारीक ताप होता, पण हटला नाहीत. म्हणालात, "नावांचं वेगळं पान करू, सर. सगळी घालू, तुमच्या क्रमानं. पण पहिल्या पानावर एकच चित्र. कुठलं ते तुम्ही ठरवा. आणि प्रसिद्ध करायचं बटण तुम्ही दाबायचं. मी कुणाचं दाबत नाही." मी म्हणालो, विचार करून आठवड्याने येतो. हे मी हरलो नाही असे दाखवण्यासाठी म्हणालो. विचार करण्यासारखे त्यात काही नव्हते. आठवडा संपण्यापूर्वी तुम्हाला सोलापूरला रुग्णालयात नेले होते. ज्या दिवशी मी जिना चढलो, त्या दिवशी दाराला कुलूप होते आणि खालचा दुकानदार माझ्याकडे न पाहता पोत्यांची थप्पी पुन्हा पुन्हा नीट करत होता.

तुम्हाला न सांगितलेले ते हे की पत्रिका हरवलेली नव्हती. ती पहिल्या दिवसापासून माझ्या चित्रांच्या फाइलमध्ये, सर्वांत वर होती. अधूनमधून मी ती काढून पाहत असे, आधी रागाने आणि नंतर कशाने ते मला अजून ठरवता आलेले नाही. तुमच्या हयातीत ती कोणाला दाखवण्याइतके माझे मन मोठे झाले नाही. आज ती दाखवल्याशिवाय तुमच्यावरचे खोटे वाक्य पुसता येत नाही.

हा लेख लिहिता लिहिता मधेच उठून फलक मी रंगवला. त्यावर तुमचे नाव आहे आणि खाली "या खोलीत शिकवत असत" एवढेच आहे. बाकीची पाटी पांढरी आहे. भगवानराव म्हणतील की सरांनी काम अर्धवट टाकले.

आणि आज सकाळी खिडकीजवळ, तुम्ही सांगत होता तशी हाताची सावली पडू न देता, मी एक छायाचित्र घेतले, ते माझ्या पहिल्या पानावर लावले आणि बटण दाबले. पान आता कोणालाही उघडता येते. ज्यांना आपल्या दोघांपैकी कोण कोणाचे शिक्षक होते हा प्रश्न अजून पडतो, त्यांनी ते उघडून पाहावे. त्यावर फक्त एका पत्रिकेची पाठ आहे: माझ्या अक्षरातील नावांची गर्दी, त्या गर्दीवर एक मोठी लाल काट, आणि खाली लाल शाईत, तुमच्या अक्षरात, तुमच्या सहीसह, दहापैकी चार गुण.